गजर कोणी लावायचा?

मागच्या जूनमधली गोष्ट. रात्री साडेनऊला मुलाचा पुण्याहून फोन आला. ‘आई, रिझल्ट लागला,’ एवढंच म्हणाला आणि गप्प झाला. आईला पुढचं सांगावं लागत नाही. बारावीला एक्क्याण्णव टक्के मिळवणारा माझा मुलगा इंजिनिअरिंगच्या पहिल्याच वर्षी तीन विषयांत नापास झाला होता. ‘एटीकेटी’ हा शब्द तोवर मी दुसऱ्यांच्या मुलांच्या बाबतीत ऐकलेला. तो आपल्या घरात येऊन बसेल, असं स्वप्नातही वाटलं नव्हतं.

मग आपण सगळ्याजणी करतो तेच मी केलं. आधी कॉलेजला नावं ठेवली, मग मेसच्या जेवणाला, मग त्याच्या रूम-पार्टनरला. ह्यांनी सगळा दोष मोबाइलवर टाकला. सासूबाई म्हणाल्या, ‘कुणाची तरी दृष्ट लागली पोराला.’ बारावीच्या निकालाला गल्लीभर पेढे वाटलेले आम्ही! आता कुणी ‘काय म्हणतोय इंजिनिअर?’ असं विचारलं, की मी विषय भाजीच्या भावावर नेत होते.

चार दिवसांसाठी तो घरी आला. जेवायचा, झोपायचा, मान वर करून बोलायचा नाही. दुसऱ्या दिवशी ओट्याशी पोळ्या करता करता मी विचारलंच, ‘तिकडं किती वाजता उठतोस रे?’

‘दहा... साडेदहा.’

‘आणि लेक्चर?’

‘पहिली दोन बुडतात.’

‘अरे, इथं तर रोज पाचला उठायचास की तू!’

त्यानं माझ्याकडं पाहिलं. आवाजात राग नव्हता, उलट उत्तर द्यायचा आवही नव्हता. म्हणाला, ‘आई, मी कुठं उठायचो? तू उठवायचीस.’

तव्यावरची पोळी करपली त्या दिवशी.

रात्रभर ते वाक्य डोक्यात फिरत राहिलं. खरंच की! गजर माझ्या मोबाइलवर लागायचा, पावणेपाचचा. मी उठून चहा ठेवायची, मग त्याला हाक मारायची, पहिल्या हाकेला उठला नाही तर पांघरूण ओढायची. अकरावी-बारावीची दोन वर्षं घरातलं केबल काढून टाकलं होतं. रिमोट तांदळाच्या डब्यात. वायफायचं बटण माझ्या ताब्यात. कपाटाच्या दारावर चिकटवलेलं वेळापत्रक माझ्या अक्षरातलं. क्लासची फी कधी भरायची, फॉर्म कधी भरायचा, कुठला धडा मागं पडलाय, सगळं माझ्या डोक्यात. शेजारच्या वहिनी म्हणायच्या, ‘काय शिस्तीचा मुलगा आहे हो तुमचा!’ आणि मी मनातून फुलून जायची. आता कळतंय, शिस्त माझी होती. तो नुसता तिच्यात राहत होता, भाड्याच्या घरात राहावं तसा. पुण्याला गेला तेव्हा घर मागं राहिलं आणि शिस्तही.

मैत्रिणींनो, हे फक्त माझ्याच घरातलं असतं तर लिहिलं नसतं. पण गेल्या वर्षभरात मी ज्या ज्या आईपाशी मन मोकळं केलं, तिच्याकडं अशीच एखादी गोष्ट निघाली. आपल्या गावाकडून मुलं-मुली पुण्याला, कोल्हापूरला, संभाजीनगरला, नागपूरला शिकायला जातात. हुशार असतात. इथं पहिल्या पाचात असतात. आणि तिकडं पहिल्या वर्षातच गडगडतात. आपण म्हणतो, ‘वारं लागलं शहराचं.’ पण शहराचं वारं तर शहरातल्या मुलांनाही लागतं. मग नेमकं बिघडतं काय?

शाळेत आणि ज्युनिअर कॉलेजात आठवड्याला चाचणी असते, वहीवर सही असते, सर घरी फोन करतात. विद्यापीठाच्या शिक्षणात हे सगळं एकदम थांबतं. चार-पाच महिन्यांचं सेमिस्टर. हजेरीचा नियम असतो, पण तो अंगावर येतो सेमिस्टरच्या शेवटी. प्रॅक्टिकलच्या जर्नल्स सबमिशनच्या आदल्या रात्री जागून एकमेकांच्या बघून उतरवल्या जातात. आज अभ्यास केला नाही तर आज काहीही वाईट घडत नाही. उद्याही नाही. ते घडतं डिसेंबरात. आणि हातातल्या मोबाइलमधली मजा मात्र आत्ता, ह्या मिनिटाला. ‘आत्ताचं सुख’ आणि ‘पुढचं भलं’ ह्यांच्या ओढाताणीत पुढच्या भल्याची बाजू घेणं, ह्यालाच तर आपण संयम म्हणतो. शाळेत ती बाजू घरचे आणि सर घेतात. हॉस्टेलवर ती घ्यायला दुसरं कुणी नसतं.

ह्यावर अभ्यासही खूप झालेत. जून टँग्नी, रॉय बाउमायस्टर आणि अँजी बून ह्या मानसशास्त्रज्ञांनी २००४ साली अमेरिकेतल्या विद्यापीठातल्या विद्यार्थ्यांचा अभ्यास प्रसिद्ध केला. ज्यांचा स्वतःवर ताबा जास्त, त्यांचे गुण चांगले, दारूचा त्रास कमी आणि घरच्यांशी, मित्रांशी संबंधही बरे, असं त्यात दिसलं. पुढच्याच वर्षी, २००५ मध्ये, अँजेला डकवर्थ आणि मार्टिन सेलिग्मन ह्यांनी आठवीतली मुलं तपासली. वर्षाच्या शेवटी कुणाला किती गुण पडतील, हे बुद्ध्यांकापेक्षा मुलाच्या स्वयंशिस्तीवरून जास्त चांगलं सांगता येतं, असं त्यांना आढळलं. म्हणजे ‘हुशार आहे हो, पण बसत नाही’ ह्या आपल्या नेहमीच्या तक्रारीला शास्त्राचाही दुजोरा आहे.

हे वाचून पहिल्यांदा मलाही वाटलं, ‘बघ, मी सांगत नव्हते?’ मुलाला फोन करून चांगलं लेक्चर द्यावं. मन घट्ट कर, मोह टाळ, वगैरे. पण पुढचं वाचत गेले तसा माझा आवाज खाली आला.

संयम म्हटला की आपल्या डोळ्यांपुढं दात-ओठ खाऊन स्वतःशी झगडणारा माणूस येतो. खरा संयमी माणूस तसा झगडतच नाही, असं निघालंय. अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या बालवाडीत वॉल्टर मिशेल ह्यांनी १९६०-७० च्या सुमारास केलेला प्रयोग तुम्ही कुठं तरी वाचला असेल. चार-पाच वर्षांच्या मुलापुढं एक गोड वडी ठेवायची. ‘मी परत येईपर्यंत थांबलास तर दोन देईन,’ असं सांगून बाई बाहेर जायच्या. कुणी लगेच खाल्ली, कुणी थांबलं. जी थांबली त्यांनी काय केलं? वडीकडं टक लावून ‘खाणार नाही, खाणार नाही’ असा जप केला नाही. पाठ फिरवली, डोळे झाकले, गाणी म्हटली, दुसऱ्याच कशाचा तरी विचार केला. वडी झाकून ठेवली तर मुलं आणखी जास्त वेळ थांबत.

२०१७ साली कॅनडातल्या मॅकगिल विद्यापीठातल्या १५९ विद्यार्थ्यांवर केलेला एक अभ्यास प्रसिद्ध झाला. आठवडाभर दिवसातून मधूनमधून त्यांना विचारलं जायचं, की आत्ता कसला मोह होतोय का, तो आवरताय का. सेमिस्टरच्या शेवटी ठरवलेलं काम कुणाचं पुढं सरकलं होतं? मोहाशी जोरात झुंजणाऱ्यांचं नव्हे. ज्यांच्यापुढं मुळात मोहच कमी आले, त्यांचं. ज्यांना मोह जास्त झाले, तेच जास्त दमून गेले होते. डकवर्थबाईंनीही २०१६ मध्ये शाळा-कॉलेजच्या विद्यार्थ्यांना दोन तऱ्हा करून पाहायला सांगितल्या. एका गटानं आठवडाभर मोहाची वस्तूच समोरून हलवायची, दुसऱ्यानं ती समोर असताना मन आवरायचं. अभ्यासाचा ठरवलेला पल्ला पहिल्या गटानं जास्त चांगला गाठला.

आता सांगा, हे आपल्या घरातल्या बायकांना माहीत नव्हतं का? दिवाळीचा फराळ झाला की चकलीचा डबा माझी आजी माळ्यावर ठेवायची. ‘पोरांनो, मनावर ताबा ठेवा’ असं प्रवचन तिनं कधीच दिलं नाही. डबा वर, शिडी मागच्या अंगणात. भाऊबीजेपर्यंत चकल्या शिल्लक! आजी शाळेत गेली नव्हती, पण मन आवरण्यापेक्षा डबा हलवणं सोपं, हे तिला पक्कं ठाऊक होतं.

माझी चूक नेमकी इथं झाली. डबे मीही हलवत होते. रिमोट, केबल, वायफाय, सगळं मी त्याच्या नजरेआड केलं. पण डबा हलवायचा असतो, कसा आणि का, हे त्याला कधी शिकवलं नाही. तो मोठा झाला, शिडी त्याच्या हातात आली आणि माळ्यावर काय काय आहे, ते त्याला एकाच दिवशी दिसलं.

माझ्या नणंदेची मुलगी कोल्हापूरला शिवाजी विद्यापीठात एम.एस्सी. करतेय. हॉस्टेलवर राहते, ‘कमवा आणि शिका’ योजनेत काम करून खर्चाला हातभार लावते. नणंद अंगणवाडीत मदतनीस, नवरा दुसऱ्याच्या ट्रॅक्टरवर. माझ्या मुलाला जे जे मिळालं त्यातलं निम्मंही तिला मिळालं नाही. तरी तिचा एकही विषय राहिला नाही. दिवाळीत आली होती, तेव्हा मी म्हटलं, ‘बाई गं, एवढा निग्रह कुठून आणलास?’

ती खदखदून हसली. ‘मामी, कसला निग्रह गं! मोबाइल हातात असला की मीपण तास तास रील बघत बसते. म्हणून सकाळी ग्रंथालयात जाताना तो खोलीवरच ठेवून जाते. रोज सात वाजता तीच खुर्ची. आता तर पाय आपोआप तिकडं वळतात. मैत्रीण असते सोबत. एखादे दिवशी मी गेले नाही तर ती खाली उभी राहून हाका मारते. लाजेनं तरी उठावं लागतं.’

पाहिलंत? मॅकगिल विद्यापीठाला आठवडाभर पाहणी करून जे सापडलं, ते ही पोर हसत हसत सांगून गेली. मोबाइल लांब, जागा ठरलेली, वेळ ठरलेली, सोबतीला कुणी तरी. सवय लागली की रोज ‘आज अभ्यास करू की नको’ हा प्रश्नच पडत नाही, आणि प्रश्न पडला नाही तर झगडाही नाही. आपण रोज सकाळी दात घासताना कुठं संयम वापरतो?

हे ती शिकली कुठं? तिच्या गावात नळाला एक दिवसाआड पाणी, तेही पहाटे. आठवीपासून पाणी भरायचं काम तिच्याकडं. पण तिची आई म्हणायची, ‘पाणी भरून झालं की पुढचा वेळ तुझा. काय करायचं ते तू बघ.’ त्या वेळात तिनं कधी अभ्यास केला, कधी झोप काढली, एकदा सहामाहीला गणितात मार खाल्ला आणि पुढच्या वेळी आपलं आपण सावरलं. कामाला जुंपल्यामुळं ती हुशार झाली, असं मी मुळीच म्हणणार नाही. तिच्याच वर्गातल्या कितीतरी मुली त्याच हंड्यांपायी शाळेतून गळाल्या. तिला उपयोगी पडला तो आईनं दिलेला तो मोकळा वेळ. तो वाया घालवायची मुभा होती, म्हणूनच तो सांभाळायला ती शिकली.

इथं एक गोष्ट बोलायलाच हवी. बारावीच्या निकालात दरवर्षी मुली मुलांच्या पुढं असतात. २०२४ च्या निकालात मुलींचं उत्तीर्ण होण्याचं प्रमाण ९५.४४ टक्के होतं, मुलांचं ९१.६०. लगेच आपण म्हणतो, ‘मुली मुळातच समजूतदार!’ पण हा समजूतदारपणा येतो कुठून? लहानपणापासून मुलीला संयम शिकवला जातो, ह्यात वाद नाही. पण कसला? हळू हस. भावाला आधी वाढ. वडील रागात असले तर गप्प बस. आवडता कार्यक्रम बंद करून पाहुण्यांना चहा टाक. ह्याला आपण संयम म्हणतो, पण हे सोसणं आहे. आत्मसंयमात ‘आत्म’ आधी येतं. जिथं स्वतःचं काही ठरवायचंच नाही, तिथं स्वतःवर ताबा कुठला?

आमच्या ओळखीतली एक मुलगी पुण्यात शिकते. वडील रोज संध्याकाळी सात वाजता व्हिडिओ कॉल करून ती खोलीत आहे ना, हे बघतात. ती असते. कधीच चुकत नाही. सगळे कौतुक करतात. पण तिसऱ्या वर्षाला कुठला विषय निवडायचा, हे विचारलं तेव्हा ती आठवडाभर रडत होती. बाबा सांगतील तो, म्हणाली. माझा मुलगा लाडानं पांगळा झाला, ती बंधनानं. दोघांच्याही घोड्याचा लगाम दुसऱ्याच्या हातात होता. लगाम कधी हातात धरायलाच मिळाला नाही, तर घोडा उधळला काय किंवा जागचा हलला नाही काय, दोष त्या मुलांना कसा द्यायचा?

आणि संयमाला आणखी एक गोष्ट लागते, ती म्हणजे भरवसा. अमेरिकेतल्या रॉचेस्टर विद्यापीठात २०१३ साली त्या गोड वडीचाच प्रयोग जरा वेगळ्या तऱ्हेनं केला. आधी मुलांना सांगितलं, ‘थांबा, चित्रासाठी छान रंग आणून देते.’ काहींना रंग आणून दिले, काहींना ‘सॉरी, नाहीत’ म्हणून सांगितलं. मग वडी ठेवली. ज्यांना दिलेला शब्द पाळला होता ती मुलं सरासरी बारा मिनिटं थांबली. ज्यांना फसवलं होतं ती तीन मिनिटं. बरोबरच आहे हो. दुसरी वडी मिळेल ह्याची खात्री नसेल तर समोरची खाऊन टाकण्यात मूर्खपणा कसला? पुढं २०१८ मध्ये नऊशेच्या आसपास मुलांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात दिसलं, की लहानपणी थांबता येणं आणि पुढं अभ्यासात चमकणं ह्यांचा संबंध समजला जात होता त्याच्या निम्माच आहे. आणि घरची परिस्थिती, आईचं शिक्षण हे हिशेबात धरलं की तोही बराचसा विरून जातो.

हे वाचताना माझ्या डोळ्यांपुढं भाची होती. तिच्या एम.एस्सी.च्या पहिल्या वर्षातच एक स्थळ सांगून आलं. मुलगा नोकरीला, घरचं चांगलं. नंदाई (मी त्यांना असंच म्हणते) मला विचारायला आल्या, ‘काय करू गं? पुढं असं स्थळ मिळेल का? हे वर्ष होऊ दे, पुढचं बघू, असं म्हणतायत घरात.’ मी त्यांना म्हटलं, ‘नंदाई, पोर रोज सकाळी सातला ग्रंथालयात जाते ती दोन वर्षांनंतरचं काही तरी मनात धरून. पुढचं वर्ष तिचं आहे की नाही हेच तिला ठाऊक नसेल, तर तिनं सातला का उठावं?’ त्या बराच वेळ बसून होत्या. उठताना म्हणाल्या, ‘मी बोलून बघते.’ त्यांनी घरात काय काय ऐकून घेतलं, ते त्यांनाच ठाऊक. पण दोन वर्षं पुरी होईपर्यंत स्थळाचा विषय काढायचा नाही, हा शब्द त्यांनी लेकीला दिला. आजवर तरी तो पाळलाय.

आपण मात्र किती सहज शब्द देतो आणि मोडतो! ‘ऐंशीच्या वर टक्के पड, सायकल घेते.’ पंच्याऐंशी पडतात, सायकल येत नाही. ‘परीक्षा झाल्यावर नेऊ सहलीला.’ परीक्षा होते, सहल होत नाही. ऐन परीक्षेच्या तोंडावर चुलतबहिणीच्या लग्नाला हॉस्टेलवरून मुलीला बोलावून घेतो, ‘चार दिवसांनी काय फरक पडतो’ म्हणून. मुलाला असं सहसा बोलावत नाही, हेही खरं. मग वर विचारतो, ह्यांना धीर का नाही?

मग घरानं करायचं तरी काय? बाबासाहेब आंबेडकरांच्या चरित्रात एक हकिगत आहे. मुंबईत परळच्या चाळीत त्यांच्या कुटुंबाची एकच खोली. माणसं, सामान, धूर, गोंगाट. तेव्हा वडील, रामजी सकपाळ, लहान भीमरावाला लवकर झोपायला सांगत आणि स्वतः जागे राहत. रात्री दोनला मुलाला उठवत, आणि मग स्वतः आडवे होत. सगळी चाळ निजलेली असताना रॉकेलच्या दिव्यापाशी मुलाचा अभ्यास चाले. तुम्ही म्हणाल, म्हणजे त्यांनीही उठवलंच की! हो. पण त्या घरात अभ्यासाला जागाच नव्हती, ती बापानं आपली झोप देऊन करून दिली. वाचायची भूक मुलाची स्वतःची होती. माझ्या घरात जागा होती, टेबल होतं, दिवा होता. मी मुलाला जागा दिली आणि वर त्याची भूकही मीच ठरवली.

तेव्हा मैत्रिणींनो, माझ्या अनुभवातून आलेलं थोडं सांगते. पटलं तर घ्या.

मूल नववी-दहावीत गेलं की त्याचा गजर त्याला लावू द्या. उशीर होईल, शाळेत बोलणी बसतील. बसू द्या. नववीतली चूक पाचशे रुपयांना पडते, इंजिनिअरिंगमधली एका वर्षाला. आठवड्यातली एखादी दुपार, थोडे पैसे, एखादा विषय पूर्णपणे त्याच्या किंवा तिच्या हवाली करा आणि मध्ये बोलू नका. घरातला टीव्ही, मोबाइल लांब ठेवायचाच असेल तर तो कुठं आणि कधी ठेवायचा, ते मुलांबरोबर बसून ठरवा. उद्या हॉस्टेलवर हे काम त्यांनाच करायचंय. ‘खूप अभ्यास कर’ हे सांगून काही होत नाही. ‘कधी, कुठं, कुणाबरोबर बसणार आहेस?’ असं विचारा. दिलेला शब्द पाळा, आणि पाळता येणार नसेल तर देऊ नका. हॉस्टेलवर फोन कराल तेव्हा ‘जेवलीस का, अभ्यास झाला का’ ह्याच्या पलीकडं जाऊन ‘आज काय कळलं नाही?’ असं विचारून बघा. आधी नुसती शांतता असेल. मग हळूहळू उत्तरं येतात.

आणखी एक, आणि हे फार महत्त्वाचं. मूल अभ्यासात मागं पडलं म्हणजे दर वेळी संयमच कमी पडला, असं नसतं. झोप लागत नाही, जेवण जात नाही, कुणाशी बोलावंसं वाटत नाही, जगणंच नको वाटतं, असं काही जाणवलं तर तिथं शिस्तीचे धडे देऊ नका. ते आजारपण असू शकतं, आणि त्याला डॉक्टर असतात. सरकारची ‘टेली-मानस’ ही हेल्पलाइन २०२२ पासून सुरू आहे, नंबर १४४१६. फोन फुकट आहे. हा नंबर मुलांच्या मोबाइलमध्ये घालून ठेवा, आपल्याही. नापास झालेलं पोर परत पास होतं. आधी ते आपल्यापाशी धडधाकट असलं पाहिजे.

माझ्या मुलाचं काय झालं? चमत्कार काही झाला नाही. तीनपैकी दोन विषय सुटले, एक अजून आहे. जाताना मी त्याला डबाभर चकल्या दिल्या आणि आजीची माळ्याची गोष्ट सांगितली. तो हसला. आता संध्याकाळी दोन तास ते तिघे मित्र एका रिकाम्या वर्गात बसतात आणि मोबाइल चौथ्याच्या खोलीवर ठेवून येतात, असं म्हणाला. परवा मी सकाळी आठला फोन केला तर जागा होता.

‘आठच?’ असं तोंडात आलं होतं माझ्या. गिळलं. आठला का होईना, तो स्वतः उठला होता.

इकडं धाकटी नववीत आहे. जूनपासून मी तिला उठवणं बंद केलं. पहिल्या पंधरवड्यात तिची दोनदा शाळेची गाडी चुकली. ह्यांनी आरडाओरडा केला, सासूबाई माझ्याशी दोन दिवस बोलल्या नाहीत. मी पावणेपाचला जागीच असते, सवय जात नाही. अंथरुणात पडून ऐकत असते, तिचा गजर वाजतो का. कधी वाजतो, कधी तिनं लावलेलाच नसतो. उठून तिचं पांघरूण ओढावं, असं हाताला अगदी शिवशिवतं. तेव्हा मी सरळ उठते आणि मागच्या अंगणात झाडांना पाणी घालायला जाते.

आपला डबा आपणच लांब ठेवायचा असतो ना!